नऊचा नियम

वाहन चालवण्याचा परवाना बाबांनी स्वतःच पाकिटात घातला आणि परत पाठवून दिला. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले की परवाना देणाऱ्या खात्याला ते कळवणे ब्रिटनमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. आजार सुरुवातीच्या टप्प्यात होता. तरी नेहमीच्या चौकात दोनदा वाट चुकल्यावर त्यांनी पुढच्या तपासण्यांची वाट पाहिली नाही. पाकीट टपालात टाकून आले, ते थेट गॅरेजमध्ये गेले आणि झाकलेल्या गाडीवरचे कापड बाजूला करून बसून राहिले.

ती १९६६ सालची लाल एमजीबी. ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली, दोन आसनांची, उघडी स्पोर्ट्‌स कार. पुण्याहून कॉव्हेंट्रीला आलेल्या तरुण अभियंत्याने काटकसर करून विकत घेतलेली एकमेव चैन. निळा धूर येऊ लागला, तेलाचा दाब घसरला आणि पुढे आई गेल्यावर ती जागची हललीच नाही.

“इंजिन खोलू या,” बाबा त्या संध्याकाळी म्हणाले.

“पण चालवणार कोण?” माझ्या तोंडून निघून गेले. आजही ते आठवले की मला लाज वाटते.

“तू.”

माझा पहिला कल नकाराकडेच होता. स्मृतिचिकित्सालयातील व्यवसायोपचार तज्ज्ञांनी मात्र मला एकच गोष्ट विचारली: कोणते काम करताना त्यांचे हात अडखळत नाहीत? या आजारात बहुधा ताज्या घटनांची आठवण आधी विरते. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली कौशल्ये तुलनेने अधिक काळ टिकतात. इंजिनाने आजार बरा होणार नव्हता, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. काम सकाळी करावे, एका बैठकीत एकच टप्पा घ्यावा, उजेड भरपूर असावा आणि निर्णय त्यांच्याकडे राहू द्यावेत, एवढे त्यांनी सुचवले.

जड कामे आम्ही वाटून घेतली. ते इंजिन दीडशे किलोहून अधिक वजनाचे. ते उचलण्यासाठी भाड्याने क्रेन आणली आणि साखळी माझ्या यजमानांनी सांभाळली. बाबांसाठी पाठीला आधार असलेली खुर्ची आणि गार फरशीवर रबराची चटई आली. हातमोज्यांवरून वाद झाला. “आम्ही कधी घातले नाहीत,” हे त्यांचे पालुपद. पण वापरलेल्या इंजिन तेलाचा त्वचेशी दीर्घकाळ संपर्क राहिला, तर कर्करोगाचा धोका संभवतो. शिवाय बाबा रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात, त्यामुळे साधे खरचटले तरी रक्त लवकर थांबत नाही. जुन्या गॅस्केटांत आणि क्लचच्या तबकडीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तेथे घासणे, फुंकर मारणे पूर्ण वर्ज्य. सिलिंडर बोअर करणे आणि क्रँकशाफ्ट घासणे ही कामे घरी होणारी नव्हेतच. ती यंत्रशाळेत दिली.

सुट्या भागांची व्यवस्था मात्र सर्वस्वी बाबांची. बेअरिंगची प्रत्येक टोपी आपल्याच जागी आणि त्याच दिशेने परत बसली पाहिजे; पुशरॉडही आपापल्या घरीच परतायला हवेत. त्यांनी पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यांत पुशरॉड ओळीने खोचले. व्हॉल्व्हच्या बारीक खिट्ट्या आईच्या मिसळणाच्या डब्यात गेल्या. व्हॉल्व्ह आठ आणि डब्यातल्या वाट्या सात, त्यामुळे आठव्याला चहाचा कप मिळाला. प्रत्येक पिशवीवर मराठीत चिठ्ठी. दुपारी जेवलो की नाही, हे विचारणारा माणूस कोणता बोल्ट कुठला हे न पाहता सांगत होता.

मग हेड बसवण्याचा दिवस आला. हेडचे ११ नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंकडे, टप्प्याटप्प्याने, शेवटी ४५ ते ५० फूट-पाउंडांपर्यंत कसायचे असतात. बाबा कसत गेले आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका देत गेले. मध्येच फोन वाजला. परत आल्यावर ते क्षणभर थबकले. मी काही बोलले नाही. रात्री सगळे झोपल्यावर मात्र टॉर्क पाना घेऊन मी गॅरेजमध्ये गेले आणि अकराही नट तपासले. दहा बरोबर होते. एक थोडा फिरला.

सकाळी त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिले. त्या एका नटावरचा ठिपका दुभंगला होता.

“तपासायचे असेल तर माझ्यासमोर तपास,” ते शांतपणे म्हणाले. “माझ्या पाठीमागे नको.”

मी क्षमा मागितली. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच तोडगा सांगितला: यापुढे एकाने कसायचे, दुसऱ्याने मोठ्याने मोजायचे आणि वहीत लिहायचे. कसणारा कोणीही असो, बाबा असोत, मी असो वा माझा सोळा वर्षांचा मुलगा. या घरात औषधांच्या गोळ्यांची नोंदही आता याच वहीत, याच रीतीने होते. त्यांना ती पाळत वाटत नाही.

टॅपेट लावताना आजोबांनी नातवाला ‘नऊचा नियम’ शिकवला. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट मोजायची, सातवा उघडा असताना दुसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ. फट पंधरा हजारांश इंच. मुलाने मोबाइलवर शोधून पाहण्याआधीच बाबांनी आठही जोड्या म्हणून दाखवल्या. पुढच्या रविवारी त्यांनी तोच नियम पुन्हा पहिल्यापासून शिकवला. मुलाने तो पुन्हा ऐकला आणि मध्येच एक शंकाही विचारली.

इंजिन सुरू करताना धुरातला विषारी वायू आत साचू नये म्हणून गाडी ढकलत अंगणात आणली. तिसऱ्या प्रयत्नात ते पेटले. बाबांनी आधी तेलाच्या दाबाचा काटा पाहिला, मग आमच्याकडे पाहिले.

रविवारी सकाळी आता मी चालवते. ते शेजारी बसून मी गिअर उशिरा बदलते अशी तक्रार करतात आणि कधीकधी आई घरी वाट पाहत असेल, असे म्हणतात. मी वाद घालत नाही. ५०० मैल झाले की हेडचे नट पुन्हा तपासायचे, असे वहीत त्यांच्या अक्षरात लिहिले आहे; खाली मुलाने ‘मोजणार मी’ अशी भर घातली आहे. काल आकडा ३१२ वर होता.