कोल्हापूर ते तिरुपती विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि दुकान किती दिवस बंद?

प्रवासाचा खर्च धंद्याच्या हिशोबात कसा धरायचा, यावर व्हिडिओ केला आणि एकच प्रश्न परत परत आला. "सर, कोल्हापूरहून तिरुपतीला विमानाने किती वेळ लागतो?" तिकिटावर दीड-पावणेदोन तास दिसतात. ते बरोबरच आहे, पण दुकानदाराच्या कामाचं उत्तर ते नाही.

आधी अंतर बघू. कॅल्क्युलेटर काढा. आपलं उजळाईवाडी विमानतळ 16.66 अक्षांशावर, 74.29 रेखांशावर. तिरुपतीचं विमानतळ रेणीगुंट्याला, 13.63 आणि 79.54 वर. अक्षांशांचा फरक 3.03, गुणिले 111, म्हणजे 336 किमी. रेखांशांचा फरक 5.25. या पट्ट्यात एक अंश साधारण 107 किमी, म्हणजे 562. आता शाळेतला पायथागोरस लावा, सरळ अंतर येतं सुमारे 655 किमी. (नववीत कंटाळा केला होता ना? इथे उपयोगी पडला बघा.)

अशा मार्गांवर बहुतेक एटीआर 72 हे पंख्याचं विमान असतं. वेग ताशी 500 किमीच्या आसपास. म्हणजे सव्वा तासाच्या थोडं वर. मग तिकिटावर जास्त का? कारण विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि तिकडे जागेवर थांबलं की बंद. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, हे सगळं त्यात आलं. अंतर 300 असो की 650, ही वीसेक मिनिटं जातातच. म्हणून कोल्हापूर–मुंबई सरळ अंतर जेमतेम 310 किमी असूनही तास जवळपास जातोच.

आता खरा हिशोब. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, कारण काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. उतरल्यावर बॅगेची वाट, मग गावात जायला अर्धा तास, तिरुमलाचा घाट वेगळा. घरापासून डोंगरापर्यंत सहा तास धरा. मी पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा फक्त तिकिटावरची वेळ धरली आणि त्याच दुपारचा दर्शनाचा स्लॉट घेतला. आईचे गुडघे दुखत होते, तरी तिला घाई करायला लावली. स्लॉट मिळाला, पण ती धावपळ अजून आठवते. चूक माझीच.

तरी हरिप्रिया एक्सप्रेसपेक्षा वेळ वाचतोच. ती दुसऱ्या दिवशी पोचवते.

पण थांबा, छोट्या विमानतळांवर वेगापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वार. विमान रोज आहे का? परतीचं कधी? जाताना चौदा तास वाचवले आणि परतीसाठी दोन दिवस बसून राहिलात, तर रेल्वेवालाच आधी दुकान उघडेल. समजा तुमचा रोजचा नफा 4000 आहे. मग दोन दिवसांचे 8000 तिकिटाच्या भाड्यात मिळवा आणि मग तुलना करा. आणि हो, बुकिंगच्या दिवशी वेळापत्रक नव्याने बघा. या मार्गांवरची विमानं सुरू होतात, बंदही पडतात. मागच्या वर्षी चुलतभाऊ गेला होता म्हणून यंदाही असेल, असं धरू नका.