एका 'उ'चा माग : इटालियन आडनावाचा उगम आणि त्याची दुर्मिळता कशी शोधावी

लुडोविको एइनाउदी या इटालियन संगीतकाराचा पियानो आपण कधी ना कधी ऐकला असेल. 'द इन्टचेबल्स' या फ्रेंच चित्रपटात त्यांचे संगीत आहे. त्यांचे वडील जुलिओ एइनाउदी यांनी १९३३ मध्ये तोरिनो शहरात मोठी प्रकाशनसंस्था उभी केली. आजोबा लुइजी एइनाउदी १९४८ ते १९५५ या काळात इटलीचे राष्ट्राध्यक्ष होते. रोस्सी, फेरारी ही आडनावे सर्रास भेटतात, तसे हे भेटत नाही. मग हे आडनाव आले कुठून, आणि इतके विरळ का?

इटालियनमध्ये आडनावाला 'कोन्योमे' म्हणतात. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे इटलीत साडेतीन लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावे आहेत. कोणत्याही एका आडनावाचा शोध कसा घ्यायचा, हे आपण 'एइनाउदी'ला सोबत घेऊन पायरीपायरीने पाहू. इटालियन भाषा येत नसली तरी चालेल.

पहिली पायरी : अक्षरे नेमकी उतरवून घ्या

आधी मूळ इटालियन लिपीतली अक्षरे जशीच्या तशी लिहून घ्या. उच्चारावरून अंदाज करू नका. व्यंजन एकेरी आहे की दुहेरी, शेवटी 'ओ' आहे की 'इ', 'दे' हा तुकडा सुटा आहे की जोडलेला, या बारीक गोष्टींवर पुढचे सगळे अवलंबून असते. 'रोस्सी' आणि 'रूस्सो' दोन्ही तांबड्या रंगावरून आले. पण पहिले उत्तर व मध्य इटलीचे आणि दुसरे दक्षिणेचे.

कुटुंब अमेरिकेत किंवा दुसऱ्या देशात गेलेले असेल, तर निघण्यापूर्वीचा कागद मिळवा. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर कारकुनांनी आडनावे बदलली, असे पुष्कळ घरांत सांगतात. प्रत्यक्षात प्रवाशांची यादी जहाज सुटण्याच्या बंदरातच तयार होई आणि बेटावर ती फक्त पडताळली जाई. नावे बदलली ती बहुधा पुढे शाळेत, कारखान्यात, शेजारपाजारी.

दुसरी पायरी : आडनावाचे शेपूट पाहा

आपण 'जोश्यांकडे जाऊन येतो' म्हणतो तेव्हा एका माणसाचे आडनाव सगळ्या घराचे होते. इटालियन आडनावांतला शेवटचा 'इ' पुष्कळदा तेच काम करतो. 'रोस्सो' म्हणजे तांबडा माणूस आणि 'रोस्सी' म्हणजे त्याच्या घरची मंडळी.

पण सगळीच शेपटे अशी नसतात. व्हेनेतो प्रांतात आडनाव व्यंजनावर थांबते : त्रेव्हिसान, व्हिसेन्तिन, बेनेत्तोन. सार्डिनिया बेटावर ते 'उ' किंवा 'स' वर संपते : लुस्सू, पिरास, मेलिस. कालाब्रियातल्या काही आडनावांत ग्रीक भाषेच्या खुणा आहेत, कारण तिथे शतकानुशतके ग्रीक बोलली जात होती.

आता आपले आडनाव. 'एइनाउदी'च्या मध्ये 'आउद' आहे. इटलीच्या वायव्येला पिएमोन्ते प्रांत आहे आणि त्याच्या कुनेओ जिल्ह्यात रिनाउदो, जिराउदो, आर्नाउदो अशी आडनावे आढळतात. बाकीच्या इटलीत हीच नावे रिनाल्दो, जिराल्दो, आर्नाल्दो अशी आहेत. 'ल'चा 'उ' झाला आहे. आल्प्स पर्वतातल्या त्या खोऱ्यांत ऑक्सिटन भाषा बोलतात. ती दक्षिण फ्रान्सच्या बोलींची सख्खी बहीण आहे आणि तिच्यात हा बदल नेहमीचा आहे. म्हणजे एका स्वराने आपल्याला देशाच्या नकाशावरून एका डोंगराळ कोपऱ्यात आणून सोडले.

तिसरी पायरी : आडनावाचा प्रकार ठरवा

इटालियन आडनावे ढोबळमानाने चार प्रकारची आहेत. पूर्वजाच्या नावावरून : दि जोव्हान्नी, दे लूका. गावावरून किंवा प्रांतावरून : रोमानो, लोम्बार्दी. धंद्यावरून : मोलिनारी म्हणजे गिरणीवाले, सार्तोरी म्हणजे शिंपी. आणि रंगरूपावरून किंवा सवयीवरून पडलेली : रिच्ची म्हणजे कुरळ्या केसांचे, बेव्हिलाक्वा म्हणजे 'पाणी पी'.

एकच धंदा प्रांतोप्रांती वेगळे आडनाव देतो. लोहार उत्तरेत फेरारी होतो, पिएमोन्तेत फेरेरो, तोस्कानात फाब्ब्री, व्हेनेतोत फाव्हेरो आणि सार्डिनियात फ्राउ. म्हणून नुसत्या अर्थावर थांबू नका. तो अर्थ कोणत्या बोलीत सांगितला आहे, ते पाहा.

गावावरून आलेल्या आडनावात एक फसगत ठरलेली असते. गोव्याच्या कुंकळ्ळीत १५८३ मध्ये मारले गेलेले जेझुइट पाद्री रोदोल्फो आक्वाव्हिवा आपल्याला माहीत असतील. त्याआधी ते अकबराच्या दरबारात जाऊन आले होते. 'आक्वाव्हिवा' म्हणजे जिवंत झऱ्याचे पाणी, आणि त्या नावाची गावे पुलिया, मार्के, मोलिझे अशा निरनिराळ्या प्रांतांत आहेत. त्यामुळे नाव जुळले म्हणजे गाव सापडले, असे समजू नका. आणखी एक गोष्ट : गावाचे नाव आडनाव होते ते बहुधा माणूस गाव सोडून गेल्यावर. सगळेच नागपूरचे असतील तर नागपूरकर कोणाला म्हणणार? तसेच लोम्बार्दी म्हणवणारा पहिला माणूस लोम्बार्दीबाहेर राहत असणार.

'एइनाउदी' पहिल्या प्रकारात बसते. त्यामागे एइनाल्दो-आइनाल्दो अशा रूपाचे जुने जर्मानिक व्यक्तिनाव आहे. इ.स. ५६८ मध्ये लोम्बार्ड टोळ्या इटलीत उतरल्या, पुढे फ्रँक आले, आणि त्यांची नावे स्थानिक लोकांनीही उचलली. 'आल्दो' या शेवटाच्या मुळाशी सत्ता असा अर्थ आहे. पण म्हणून हे घराणे सत्ताधाऱ्यांचे ठरत नाही. कोणे एके काळी एका बाळाचे नाव तसे ठेवले, एवढेच त्यातून कळते.

चौथी पायरी : अनाथालयाची शक्यता तपासा

ही पायरी पुष्कळजण गाळतात. नेपल्सच्या आन्नुन्त्सियाता संस्थेच्या भिंतीत लाकडाचे एक फिरते पिंप होते. रात्री कोणी त्यात तान्हे मूल ठेवी, पिंप फिरवी आणि निघून जाई. आतली बाई मूल उचलून घेई. दोघींना एकमेकींचे तोंड दिसत नसे. हे पिंप १८७५ मध्ये बंद झाले. तिथल्या मुलांना 'एस्पोझितो' म्हणजे बाहेर ठेवलेला, असे आडनाव मिळे. फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेन्ती, रोममध्ये प्रोयेत्ती आणि मिलानमध्ये कोलोम्बो ही आडनावे अशाच मुलांना दिली जात.

या आडनावांची हजारो माणसे एकमेकांची भाऊबंद नाहीत. उलट बाजूही लक्षात ठेवा : प्रत्येक कोलोम्बो अनाथालयातला नव्हे. जिनोव्हाच्या क्रिस्तोफोरो कोलोम्बोला आपण कोलंबस म्हणतो, त्याचे आडनाव घराण्यातून आलेले होते. पुढे ओळखू येणारी आडनावे टाळण्यासाठी कारकून प्रत्येक मुलाला नवे, घडवलेले आडनाव देऊ लागले. आज विरळ वाटणारी काही आडनावे अशीच एका टेबलावर, एका दिवसात जन्मली आहेत.

पाचवी पायरी : नकाशावर ठेवून पाहा

आडनाव लिहिले की ते कुठे किती आढळते ते दाखवणारे नकाशे इंटरनेटवर आहेत. त्यांतले बरेच टेलिफोनच्या याद्यांवरून केलेले आहेत. म्हणून तिथला आकडा माणसांचा नसतो, फोनधारकांचा असतो. एका घराचा एकच फोन असेल, तर पाच माणसांमागे एक नोंद.

दुसरी चूक मोठ्या शहरांची. विसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिणेतून लाखो माणसे तोरिनो आणि मिलानला कामासाठी गेली. त्यामुळे या शहरांत प्रत्येक प्रांताचे आडनाव सापडते. ही शहरे बाजूला ठेवा आणि लहान गावांचा कुठे पुंजका दिसतो ते पाहा. एइनाउदींचा पुंजका कुनेओ जिल्ह्यात आहे. लुइजी एइनाउदींचा जन्म त्याच जिल्ह्यातल्या कार्रू गावचा, १८७४ चा, आणि घराण्याचे मूळ माइरा नदीच्या खोऱ्यातले. शेपटाने जे सुचवले होते, तेच नकाशाने आणि चरित्राने सांगितले. असे तीन पुरावे एका जागी आले, की मग पुढे जावे.

सहावी पायरी : नोंदवह्या उघडा

इथून पुढे अंदाज संपतो. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदी ठेवणे प्रत्येक चर्चला बंधनकारक केले, आणि फिरती आडनावे हळूहळू स्थिर झाली. सरकारी नोंदणी, म्हणजे 'स्तातो चिव्हिले', नेपोलियनच्या काळात सुरू झाली, नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून; सिसिलीत ती त्यानंतर, १८२० पासून आली. एकसंध इटलीची नोंदणी १८६६ पासून आहे, तर रोम आणि व्हेनेतोत १८७१ पासून. मधला काळ रिकामा दिसला, तर चर्चकडे वळा.

राज्य अभिलेखागारांच्या 'आन्तेनाती' (म्हणजे पूर्वज) या संकेतस्थळावर लक्षावधी पाने विनामूल्य पाहता येतात. सगळे जिल्हे तिथे नाहीत. जे नाही, ते त्या गावच्या 'कोमूने'कडे, म्हणजे स्थानिक नगरपालिकेकडे विचारावे.

जन्माची एक नोंद जवळून पाहू. वर आडनाव आणि नाव. मग वर्ष, तारीख आणि वेळसुद्धा अक्षरांत लिहिलेली. बाप हजर झाला, त्याचे वय, त्याचा धंदा, दोन साक्षीदार. शेवटी सह्या, किंवा लिहिता येत नाही म्हणून सही नाही, असा शेरा. बापाच्या नावापुढे 'फू पिएत्रो' असेल, तर आजोबा पिएत्रो वारलेले. 'दि पिएत्रो' असेल, तर हयात. आपल्याकडे पत्रिकेवरच्या 'कै.'वरून जे कळते, ते इथे दोन अक्षरांत कळते, आणि पिढ्यांची कालगणना त्यावर लावता येते.

दोन ठिकाणी हमखास अडते. पहिले, इटलीत लग्नानंतरही बाई कागदोपत्री माहेरचेच आडनाव ठेवते, म्हणून पणजीला सासरच्या आडनावाखाली शोधू नका. दुसरे, जुन्या वळणदार अक्षरात रोमन 'यू' आणि 'एन' सारखेच दिसतात. 'एइनाउदी'चे 'एइनान्दी' व्हायला एवढे पुरते. नामसूचीत नाव सापडले नाही, तर चुकीच्या वाचनाचे रूपही तपासा. पूर्वीच्या काही सूचींत क्रम आडनावाने नसून पहिल्या नावाने लावलेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

सातवी पायरी : दुर्मिळतेचे कारण सांगा

आडनाव विरळ असते ते बहुधा पुढीलपैकी एका कारणाने. ते एकाच खोऱ्यात, एकाच बोलीत जन्मले. रोस्सी शंभर गावांत स्वतंत्रपणे निर्माण झाले, कारण तांबड्या केसांचे लोक सगळीकडे होते. ऑक्सिटन वळणाचा एइनाउदी तसा सगळीकडे होऊ शकत नव्हता.

किंवा कारकुनाच्या लेखणीने एका शाखेचे आडनाव बदलले. किंवा ते अनाथ मुलासाठी घडवले गेले. किंवा सरकारने बदलायला लावले : मुसोलिनीच्या राजवटीत, १९२०च्या दशकात, पूर्व सीमेवरच्या स्लोव्हेन आणि क्रोएशियन लोकांची आडनावे इटालियन केली गेली. 'व्होदोपिव्हेत्स'चे 'बेव्हिलाक्वा' झाले. अर्थ तोच, पाणी पिणारा, पण घराची भाषा पुसली गेली. त्यामुळे त्रिएस्ते भागात सर्वसामान्य दिसणाऱ्या आडनावामागेही वेगळीच कथा असू शकते.

शेवटचे कारण साधे आहे. आडनाव फक्त बापाकडून चालत असेल, तर एका पिढीत मुलगा नसला की ती शाखा थांबते. थोड्या घरांचे आडनाव असे सहज विझते. १८७०च्या दशकात फ्रान्सिस गॅल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी याचे गणित मांडले. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२२ मध्ये मुलाला आईबाप दोघांचीही आडनावे मिळावीत असा निर्णय दिला, तेव्हा या जुन्या वाटेला एक फाटा फुटला.

दुर्मिळ म्हणजे खानदानी, हे मात्र यात कुठेच बसत नाही. आडनावावर राजचिन्ह विकणारे पुष्कळ भेटतील. त्यांना पैसे देऊ नका. राजचिन्ह विशिष्ट घराण्याचे असते, आडनावाचे नसते, आणि १९४८ पासून इटलीचे संविधान सरदारकीच्या पदव्या मानत नाही.

एइनाउदी या आडनावाची खरी श्रीमंती त्या 'उ'मध्ये आहे. माइरेच्या खोऱ्यातल्या लोकांनी एक परके नाव आपल्या जिभेला सोसेल असे वळवून घेतले, आणि लिहिणाऱ्याने ते 'सुधारून' एइनाल्दी न करता ऐकले तसे लिहिले. आता आपण पडद्यावर किंवा पुस्तकाच्या कण्यावर हे नाव वाचाल, तेव्हा त्या एका स्वरात डोंगरातली ती बोलीही आपल्याला ऐकू येईल.