सायकल होडीत चढायची तेव्हा

वेळणेश्वरहून दक्षिणेला निघालेला रस्ता हेदवीवरून तवसाळला पोहोचतो आणि पाण्यापाशी थांबतो. समोर शास्त्री नदीचे रुंद मुख, पलीकडे जयगडचा किल्ला. उत्तरेकडे गेले तर गुहागरच्या पुढे वेलदूर-धोपाव्याला वाशिष्ठी आडवी येते आणि दाभोळ पैलतीरी राहते. नकाशावर ही गावे शेजारी आहेत. मोटारीत बसलेल्या माणसाला मात्र दाभोळहून गुहागर गाठायला पिढ्यान्‌पिढ्या दापोली, खेड, चिपळूण असा वळसा पडत आला, शंभराहून अधिक किलोमीटरचा. सायकलवाल्याला एक होडी मिळाली की पुरे असायचे.

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या सायकल सहलींचे मर्म या साध्या गोष्टीत आहे. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गला वाघोटण. दर दीड-दोन दिवसांनी एक खाडी. चाक मोकळे, स्वार मोकळा, आणि वाहन दोघांनी उचलता येईल एवढे. सायकल होडीत आडवी करायची, पायडल कोणाच्या धोतरात अडकणार नाही असे वळवायचे, आणि पलीकडच्या चिखलात उतरून खांद्यावर घेऊन धक्क्यापर्यंत चालायचे. मुंबईकरांना आणखी एक सोय होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटी दाभोळला, जयगडला थांबत. १९८० च्या दशकात ती वाहतूक बंद पडेपर्यंत एका बाजूने समुद्रातून आणि दुसऱ्या बाजूने सायकलवरून असा प्रवास जमवता येई.

रिकाम्या वेळात तंबू ठोकून उघड्यावर राहण्याचा जो छंद आज जगभर दिसतो, त्याच्या पहिल्या संघटनेचा जन्मही सायकलीतूनच झाला. लंडनचा थॉमस हायरम होल्डिंग हा पेशाने शिंपी. सायकलवर नेता येईल असा हलका तंबू आणि छोटी चूल त्याने जमवली, आयर्लंडमधल्या सायकल-मुक्कामावर १८९८ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९०१ मध्ये सायकलवरून मुक्कामाला जाणाऱ्यांची संघटना काढली. ब्रिटनमधला आजचा मोठा कॅम्पिंग क्लब तिचाच वारस आहे. इकडे मुंबईत १५ ऑक्टोबर १९२३ रोजी व्यायामशाळेतले सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर, इराणच्या आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटांतून, युरोप-अमेरिकेतून, पूर्वेकडून घरी. मुंबईने त्यांना जवळजवळ विसरूनच टाकले होते, हे चांगले झाले नाही. पुढे दोन-तीन पिढ्यांच्या पोरांनी पनवेल ओलांडताना जो हुरूप दाखवला, त्याचे मोठे उदाहरण याच शहराने घालून दिले होते.

त्या पोरांची सायकल कशी होती? स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ १९४९ मध्ये टीआय, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो. पुण्यासारख्या शहरात घरटी एक तरी सायकल दिसू लागली. काळी, उंच, २८ इंची चाकांची, वीस किलोच्या आसपास वजनाची, एकाच गियरची. सहलीला जायचे ते कॉलेजला किंवा कामावर नेतो त्याच सायकलवर. आठवडाभर आधी ती ओव्हरऑइलिंगला टाकायची, छर्रे बदलून घ्यायचे, नव्या ग्रीसचा डबा भावाच्या नाहीतर मित्राच्या पिशवीत सरकवायचा. कॅरियरला वळकटी, हँडलला पंप, दांडीला पाणी. पिशवीत पाना, सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे आणि घासायला पत्र्याची किसणी.

चढणीपेक्षा उताराची धास्ती मोठी असायची. रॉड ब्रेकची रबरे लोखंडी रिमला आतून टेकतात. रिम कोरडी असेतो काम भागते. दव, चिखल किंवा पावसाची सर लागली की ओल्या लोखंडावर रबर घसरू लागते आणि दांडा कितीही दाबला तरी सायकल धावतच राहते. कराडहून कुंभार्लीने चिपळूणला किंवा महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरताना जाणती माणसे म्हणून पुढे-मागे मोठे अंतर ठेवत आणि सर्वांत भारी सामान असलेल्याला शेवटी सोडत. आंबेनळीच्या माथ्यापासून खालच्या गावापर्यंत हजार मीटरहून अधिक उतार आहे. तो उतरताना मनगटे सुन्न होत. घाट सायकल हातात धरून चढावा लागे तेव्हा कोणाला कमीपणा वाटत नसे. एका गियरवर दुसरा मार्गच नव्हता.

घाट उतरला की सपाट किनारा, हा घाटावरच्यांचा समज गुहागर तालुक्यात पहिल्याच दिवशी मोडतो. इथे रस्ता खाडीच्या पातळीवरून जांभ्याच्या सड्यावर चढतो, सड्यावरून मैलभर सावलीशिवाय पळतो आणि पुन्हा माडांत उतरतो. गुहागर ते वेळणेश्वर, वेळणेश्वर ते हेदवी, सगळीकडे हेच. डांबर सर्वत्र पोहोचलेले नव्हते तेव्हा लाल मातीत आणि जांभ्याच्या खडीत चाक रुतायचे. वाडीत उतरायचे तर पाखाडीच्या पायऱ्यांवरून सायकल उचलून न्यावी लागे.

यावर उपाय समुद्राकडे होता. ओहोटीला भिजलेली वाळू इतकी घट्ट होते की जड सायकलही खडखडाट न करता जाते. गुहागरची पाच-सहा किलोमीटरची पुळण त्यासाठी उत्तम. वेळ कधी गाठायची ते पंचांगावरून ठरे. किनाऱ्यावरचा हिशेब असा की तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. होडी केव्हा सुटेल, पलीकडे चिखल किती असेल, हेही याच गणितावर. खारे पाणी मात्र सायकलीचा शत्रू. संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने चेन धुऊन तेल सोडले नाही तर दुसऱ्या दिवशी ती तांबड्या गंजाने कुरकुरणारच.

वाऱ्याचेही तसेच. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, ते इथे पायांना कळतात. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा वायव्येचा असतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. पहाटेचे तास चढणीला आणि दुपारनंतरचे किनाऱ्याला, अशी दिवसाची आखणी अनुभवाने बसत गेली. हे शहाणपण कोणत्या मार्गदर्शिकेत छापलेले नव्हते. नावाड्यांकडून, खारवी-भंडारी वस्त्यांतून, आदल्या वर्षी येऊन गेलेल्यांकडून ते पुढे जात राहिले.

मुक्काम म्हणजे तंबू, हे समीकरण कोकणात फारसे जुळले नाही. कॅनव्हासची रावटी सायकलवर न्यायला भारी आणि दवाने भिजली की दुप्पट भारी. शिवाय गरजच काय होती? देवळाचा सभामंडप, मराठी शाळेचा व्हरांडा, धर्मशाळा, नाहीतर कोणाची तरी पडवी. वेळणेश्वराचे देऊळ किनाऱ्याच्या अगदी जवळ, माडांच्या सावलीत. अनेक कोकणस्थ घराण्यांचे हे कुलदैवत, त्यामुळे बाहेरगावची माणसे येऊन राहणे गावाला नवे नव्हते. एरवी शांत असणारे हे गाव महाशिवरात्रीला गजबजते. पुजाऱ्यांना किंवा गावातल्या जाणत्याला विचारायचे, कुठले, कोणाचे, हे सांगायचे, आणि वळकटी सोडायची.

ही ओळख देण्या-घेण्याची पद्धत सगळ्यांना सारखी खुली नव्हती, हे नोंदवायला हवे. देवळाच्या ओवरीत कोणाला सहज जागा मिळे आणि कोणाला आडनाव सांगताना अडखळावे लागे, हे तेव्हाच्या समाजाकडे पाहिले की कळते. मुलींचे गट रस्त्यावर क्वचितच दिसत. त्या दिवसांबद्दल हळवे होताना हा भाग गाळून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

जेवण आपले आपण. चिपळूण-गुहागर सोडले की खानावळीचा भरवसा नसे. घरून दशम्या आणि मेतकूट यायचे, पुढे तीन दगडांच्या चुलीवर नाहीतर पितळी स्टोव्हवर भात आणि कुळथाचे पिठले. गावातून नारळ, ताक, कधी घावन मिळे. पैशाचा विषय काढला तर यजमानाला राग येई, म्हणून जाणती पोरे निघताना विहिरीचे पाणी भरून देत किंवा लाकडे फोडून ठेवत.

सायकल आणि मुक्काम यांना सर्वांत मोठे सामाजिक रूप दिले ते बाबा आमटे यांनी. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान निघाले तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि मणक्याच्या आजाराने बसू न शकणारे बाबा गाडीत पडून त्यांच्याबरोबर होते. पुढे अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत दुसरी फेरी झाली. गावोगावी ओसरीवर थांबणे, तिथल्या माणसांशी बोलणे, याचाच त्यांनी कार्यक्रम केला. सहलीच्या पोरांकडून हेच अजाणता घडत होते.

त्याच सुमारास वाहने बदलत होती. लुना १९७२ पासून होतीच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नव्या जपानी बनावटीच्या मोटरसायकली आल्या आणि कॉलेजच्या आवारातली सायकल मागे हटली. नव्वदीत अंजनवेल-वेलदूर परिसरात वीजप्रकल्पासाठी अवजड वाहतूक सुरू झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट आली, पुढे तवसाळ-जयगडलाही, आणि मोटारीचा तो जुना वळसा संपला. वेळणेश्वरला आता पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

आणि सायकली परतल्या आहेत. दापोली, चिपळूण, रत्नागिरीत सायकलप्रेमींचे गट आहेत. हिवाळ्यात गियरवाल्या हलक्या सायकलींचे तांडे मुंबईहून गोव्याकडे याच मार्गाने उतरतात. फेरीबोटीत त्यांना मोटारींच्या रांगेला वळसा घालून पुढे सोडतात, एवढा जुना मान टिकून आहे.

आता रेवस-रेडी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचे ठरले आहे आणि त्यात जयगडची खाडीही आहे. किनाऱ्यावरच्या रुग्णाला, आंबा-मासळीच्या गाडीला पूल हवाच. पण त्यावर कठड्यालगत सायकलसाठी वेगळी पट्टी आखली पाहिजे, आणि ती आराखड्यातच, नंतर रंग मारून नव्हे. खाडीवरचा आडवा वारा आणि मागून येणारा ट्रक यांच्यात एक हात जागा राहिली तर तिथून कोणी मुलांना घेऊन सायकल चालवणार नाही. तवसाळ-जयगडच्या धक्क्यांची डागडुजीही चालू ठेवायला हवी. सायकलवाले, मासळी विकायला पलीकडे जाणाऱ्या बायका आणि शाळकरी पोरे यांना पुलाच्या तोंडापर्यंतचा चढ टाळून पाण्यावरूनच जायचे असेल, तर धक्का शाबूत असला पाहिजे.