आधी खूण बघा!

पेण मागे पडलं, वडखळ नाका आला, इथून अलिबागला वळलं की वीकेंड सुरू! पण आम्हा पोरंबाळंवाल्यांच्या बॅगेत सनस्क्रीनशेजारी डॉक्टरांनी दिलेली ड्राय सिरपची बाटलीही असते. आत नुसती पावडर का? अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटचं पाण्याशी फार काळ पटत नाही. रेणू तुटत जातात, औषधाचा जोर ओसरतो. म्हणून औषध, गोडवा, फ्लेवर आणि कण तरंगते ठेवणारा झँथन गम, सगळं कोरडंच भरतात. पाणी आपण घालायचं.

घोळ होतो तो इथेच. ३० मिलीच्या बाटलीत ३० मिली पाणी ओतलं, तर औषध पातळ होतं आणि पोराला डोस कमी पडतो. पावडरही जागा घेतेच की! मी आधी बाटली ठोकून पावडर मोकळी करते, उकळून गार केलेलं थोडं पाणी घालून हलवते, मग खुणेपर्यंत भरते. फेस बसला की पुन्हा खूण बघायची. (सोबत पाण्याची कुपी आली असेल तर तीच वापरा.)

तयार सिरप फ्रिजमध्ये, डॅशबोर्डवर अजिबात नाही. दर डोसआधी हलवा. लेबलवर मिसळल्याची तारीख लिहा. साधारण ७ दिवसांनी उरलेलं सिंकमध्ये न ओतता केमिस्टला विचारून टाकून द्या.