मेणवलीचा घाट आणि पारितोषिकांची थकबाकी

वाईहून कृष्णेच्या काठाने थोडे पुढे गेले की मेणवली लागते. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर आलेली मेणेश्वराच्या देवळापाशीची पोर्तुगीज घंटा यांसाठी या गावाची ख्याती होती. गेल्या वीस वर्षांत तीत आणखी एका कारणाची भर पडली. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस'चे चित्रण येथे झाले. पडद्यावर गावाचे नाव चरणपूर होते आणि ते उत्तर प्रदेशातले म्हणून दाखवले होते. पण घाटाच्या पायऱ्या सातारा जिल्ह्याच्या होत्या. १७ डिसेंबर २००४ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला, तिकीटबारीवर पडला, आणि पुढे हळूहळू लोकांच्या मनात रुजला. आज घाट पाहावयास येणाऱ्यांपैकी कितीतरी जण नाना फडणविसांची नव्हे तर मोहन भार्गवची चौकशी करतात.

या घाटाची आठवण १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा ताजी झाली. त्या दिवशी २०२३ सालच्या चित्रपटांसाठीची एकाहत्तरावी राष्ट्रीय पारितोषिके जाहीर झाली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रान्त मॅसी यांना विभागून देण्यात आला. तीन दशकांहून अधिक काळच्या कारकिर्दीत शाहरुख खान यांना मिळालेले हे पहिलेच राष्ट्रीय पारितोषिक. कथापटांच्या निवडसमितीचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर. साहजिकच 'स्वदेस'चे देणे 'जवान'च्या नावाने फेडले, असा सूर उमटला. कोणी तो कौतुकाने काढला, कोणी उपरोधाने.

हे देणे कोणते, हे समजण्यासाठी वीस वर्षे मागे गेले पाहिजे. २००४ च्या चित्रपटांसाठी बावन्नावी राष्ट्रीय पारितोषिके जाहीर झाली, तेव्हा 'स्वदेस'ला छायाचित्रणासाठी महेश अणे आणि पार्श्वगायनासाठी उदित नारायण यांच्या रूपाने दोन मान मिळाले. अभिनयाचे पारितोषिक मात्र 'हम तुम'मधील सैफ अली खान यांना गेले. त्यांच्या मातोश्री शर्मिला टागोर त्या वेळी चित्रपट प्रमाणन मंडळाच्या अध्यक्षा होत्या. एवढे दोन धागे हाती आल्यावर लोकांनी दोरखंड वळला. वस्तुतः प्रमाणन मंडळाचा आणि पारितोषिकांच्या निवडीचा परस्परांशी संबंध नाही. दोन्ही संस्थांची कामे भिन्न आहेत. तसेच २०२५ च्या समितीचा निर्णय हा एकट्या अध्यक्षाचा निर्णय होता, असे म्हणण्यासही आधार नाही. परंतु निवडीमागची कारणे तपशिलाने लोकांपुढे येत नसतील, तर संशयाला आधाराची गरज उरत नाही. कारणांची जागा रिकामी राहिली की कर्णोपकर्णी वार्ता ती व्यापून टाकते.

क्षणभर गृहीत धरू की 'जवान'चे पारितोषिक ही खरोखरच जुनी भरपाई आहे. असा व्यवहार समर्थनीय ठरतो काय? ज्याला पूर्वी डावलले त्याला पुढे केव्हा तरी न्याय मिळाला, तर त्यात वाईट काय, असा प्रश्न भाबडेपणाने विचारला जातो. त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. पारितोषिक ही दरवर्षी ठराविक संख्येने निघणारी वस्तू आहे. मागील वर्षाची थकबाकी चालू वर्षाच्या तिजोरीतून फेडली, तर चालू वर्षाचा खरा हक्कदार उपाशी राहतो आणि त्याच्या नावावर नवी थकबाकी उभी राहते. अमेरिकेतील ऑस्करचा इतिहास अशा फेडाफेडीच्या आरोपांनी भरलेला आहे. अल पचिनो यांना अनेक नामांकनांनंतर अखेर १९९२ च्या 'सेंट ऑफ अ वुमन'साठी मान मिळाला, तेव्हा 'माल्कम एक्स'मधील डेन्झेल वॉशिंग्टन मागे राहिले, ही तक्रार तेथे अद्याप बोलली जाते. म्हणजे जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढले गेले. ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला असल्या व्यवहाराचा शेवट वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. आपला माणूस हरला म्हणजे अन्याय झाला, असे होत नाही. डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १९२७ साली साताऱ्यात झाला. १९७५ च्या 'सामना'मध्ये त्यांनी मास्तर उभा केला आणि निळू फुले यांनी हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखान्याच्या सत्तेची अशी चिरफाड मराठी पडद्याने तोवर केली नव्हती. सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाला तर पडद्यावरचा गाव ओळखीचा वाटला असेल. विजय तेंडुलकरांचे लेखन आणि डॉ. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन लाभलेला हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्याने मिळवले. अभिनयाचे पारितोषिक त्या वर्षी कन्नडमधील 'चोमन दुडी'साठी एम. व्ही. वासुदेवराव यांना मिळाले. ढोल वाजवून दुःख सांगणारा तो भूमिहीन चोम ज्याने पाहिला असेल, त्याला हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. डॉ. लागूंना अभिनयाचे राष्ट्रीय पारितोषिक कधीच मिळाले नाही, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट खरी. पण १९७५ चा निकाल अपात्राच्या बाजूने लागला, हा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही. अपात्राला मान मिळणे आणि दोन पात्रांपैकी एकाला मान मिळणे यांतील फरक न ओळखणारी टीका आपले वजन स्वतःच गमावते.

१९५७ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्या एका वर्षात 'दो आँखें बारह हाथ', 'मदर इंडिया' आणि 'प्यासा' असे तीन चित्रपट आले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्याला मिळाले. फिल्मफेअरचे पारितोषिक आणि ऑस्करचे नामांकन दुसऱ्याला मिळाले. 'प्यासा'ला यांपैकी काहीच मिळाले नाही; पुढे २००५ साली 'टाइम' साप्ताहिकाने जगातील शंभर श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश केला. या तिघांपैकी कोणाचे पारितोषिक काढून कोणाला द्यावे? काळाने तिघांनाही ठेवून घेतले आहे. पदक एक आणि पात्र तीन, ही टंचाईची अडचण आहे. परीक्षकांच्या बेइमानीचा तो पुरावा नव्हे.

समितीच्या कामात आणखी एक अडचण असते, ती गणिताची. समजा, तीन परीक्षकांपुढे क, ख आणि ग असे तीन चित्रपट आहेत. पहिल्याची पसंती क, ख, ग या क्रमाने. दुसऱ्याची ख, ग, क. तिसऱ्याची ग, क, ख. आधी क आणि ख यांत मत घेतले तर क टिकतो आणि नंतर ग त्याला हरवतो. आधी ख आणि ग यांत मत घेतले तर ख टिकतो आणि नंतर क जिंकतो. परीक्षक तेच, चित्रपट तेच, मतेही तीच. केवळ मतदानाचा क्रम बदलल्याने निकाल बदलला. अठराव्या शतकात काँदोर्से या फ्रेंच विचारवंताने हा पेच दाखवून दिला. तीन किंवा अधिक पर्याय असतील तर व्यक्तींच्या पसंतिक्रमांवरून समूहाची पसंती ठरवणारी, काही साध्या आणि वाजवी अटी पाळणारी निर्दोष पद्धत असूच शकत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९५१ साली सिद्ध केले. तेव्हा निवडसमितीकडून निर्दोष निकालाची अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. अपेक्षा बाळगावी ती उघड कारणांची.

निकालापूर्वी जे अंदाज बांधले जातात, त्यांची जात तर अगदीच निराळी. १९३६ च्या आपल्या ग्रंथात केन्स यांनी शेअर बाजाराची तुलना वृत्तपत्रातील एका स्पर्धेशी केली होती. छापलेल्या छायाचित्रांतून सर्वांत सुंदर सहा चेहरे निवडायचे आणि ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी निवडीशी जुळेल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत शहाणा स्पर्धक स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता आवडेल याचा तर्क करतो, आणि इतरही तोच तर्क करीत असतात. चित्रपट पारितोषिकांचे भविष्य वर्तविणारे हेच करतात. हा खेळ म्हणून निरुपद्रवी आहे. पण त्याचीच सवय जडली, तर 'मला काय आवडले' हा प्रश्न मागे पडतो, आणि तो प्रश्न स्वतःला विचारल्यावाचून कोणी रसिक होत नाही.

आता या साऱ्या वादाचे मूळ दुखणे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रेक्षक पारितोषिकांवर हिरिरीने मत देतो. पण ज्या चित्रपटांना ती मिळतात त्यांपैकी किती चित्रपट त्याच्या गावी येतात? १९५३ च्या 'श्यामची आई'ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, त्या पिढीला तो चित्रपट थिएटरात किंवा जत्रेतल्या तंबूत पाहावयास मिळत होता. २००३ चा 'श्वास', २०१४ चा 'कोर्ट', २०१६ चा 'कासव' या मराठी चित्रपटांनी देशातील सर्वोत्कृष्ट कथापटाचे पारितोषिक पटकावले. 'श्वास' ऑस्करसाठी निवडला गेला तेव्हा त्याच्या परदेशातील प्रचारासाठी महाराष्ट्राने वर्गणी काढली आणि तो घरोघर पोहोचला. 'कोर्ट' आणि 'कासव' यांच्या वाट्याला तेवढा प्रेक्षक आला नाही. 'सैराट'च्या रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख २०१६ च्या मार्चमध्ये जाहीर झाला आणि चित्रपट महिनाभराने लागला, म्हणून तेथे परीक्षकांचे मत आणि तिकीटबारीचे मत लोकांना शेजारी ठेवून पाहता आले. असा योग विरळा. एरवी पारितोषिकाची बातमी गावात येते आणि चित्रपट येत नाही. मग न पाहिलेल्या चित्रपटांविषयी पाहिलेल्या नटांच्या आधारे मत बनते, आणि पारितोषिकांची चर्चा दोन प्रसिद्ध नावांच्या भांडणाइतकी लहान होते.

पदकाने गावाला काय मिळते, याचा दाखला याच भागात आहे. 'दो आँखें बारह हाथ'ची कथा ग. दि. माडगूळकरांची. माणदेशातील आटपाडीच्या परिसरात औंध संस्थानने १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंती नाहीत, गज नाहीत. जन्मठेपेच्या कैद्यांनी शेती करावी आणि माणसांत यावे, असा तो भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेचा प्रयोग. त्याच प्रयोगातून या चित्रपटाला बीज मिळाले. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे दिल्लीच्या सुवर्णपदकाचे आणि बर्लिनच्या रौप्य अस्वलाचे मूळ या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरच्या दुष्काळी मातीत आहे. चित्रपट जगभर गेला. स्वतंत्रपूरचे नाव मात्र या दोन जिल्ह्यांतही फार थोड्यांच्या तोंडी आहे. पदकाचा प्रकाश पडद्यावर पडला आणि तेथेच थांबला.

सांगलीला याहून वेगळी परंपरा ठाऊक आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे 'सीतास्वयंवर' केले. त्यांच्या नावाचे गौरवपदक दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, सांगलीत दिले जाते. त्या पदकाविषयी देशभर चर्चा होत नाही. पण ते स्वीकारणाऱ्या रंगकर्मीचे काम समोर बसलेल्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिलेले असते. देणारा, घेणारा आणि टाळ्या वाजवणारा यांना एकमेकांची पारख असते. त्यामुळे निवडीविषयी मतभेद झाला तरी तो जाणकारांचा मतभेद असतो.

राष्ट्रीय पारितोषिके सरकारी पैशातून दिली जातात. २०२२ पासून चित्रपट महोत्सव संचालनालयाचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले आहे. या महामंडळाकडे तीन गोष्टी मागण्याचा हक्क नागरिकांना आहे. पहिली, अंतिम फेरीत कोणते चित्रपट आणि कोणते कलावंत होते, याची यादी निकालासोबत प्रसिद्ध व्हावी. दुसरी, ज्या परीक्षकाने एखाद्या कलावंताबरोबर काम केले असेल त्याने ते उघड करावे आणि त्या विभागाच्या मतदानातून बाजूला व्हावे. त्यात त्याचाही मान राहील. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पारितोषिकप्राप्त चित्रपट वर्षाच्या आत जिल्ह्याच्या ठिकाणी माफक दरात दाखवले जावेत. नाट्यगृहे आहेत, महाविद्यालयांची सभागृहे आहेत; त्यासाठी नव्या इमारती बांधाव्या लागणार नाहीत.

या तीन गोष्टी झाल्या म्हणजे अपात्राला मान मिळणे थांबेल, असे नाही. चुका होतील, वाद होतील, आणि व्हावेतही. मात्र ते वाद पाहिलेल्या चित्रपटांवर होतील. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'ची चौकशी करणाऱ्यांना त्याला कोणते पारितोषिक मिळाले आणि कोणते हुकले याच्याशी कर्तव्य नसते. त्यांनी चित्रपट पाहिलेला असतो, एवढेच त्यांना पुरते.