विश्लेषण : बाळाचा खोकला साधा की न्यूमोनिया? एका मिनिटाची मोजणी काय सांगते?

थंडी सुरू झाली, की बालरोगतज्ज्ञांकडे रांगा लागतात. बहुतेक मुलांना विषाणूजन्य सर्दी-खोकला असतो आणि तो आपोआप बरा होतो. काहींच्या बाबतीत मात्र तो न्यूमोनियापर्यंत जातो. हा धोका वेळीच ओळखण्यासाठी घरातले घड्याळही उपयोगी पडते.

श्वास कसे मोजायचे?

मूल शांत किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करा. छाती-पोट एकदा वर येऊन खाली गेले, की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. लहान मुलांचा श्वास अनियमित असल्याने १५ सेकंद मोजून चारने गुणणे चुकीचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. खोकल्यासोबत असे आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तातडीने रुग्णालय कधी गाठावे?

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळसर पडणे, दूध-पाणी न घेणे, झटके किंवा मूल ग्लानीत जाणे, यापैकी एकही लक्षण दिसले तर थांबू नका. २ महिन्यांखालील बाळाचा श्वास जलद असेल तरी हेच लागू. राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

लहान मुलांनाच जास्त त्रास का?

कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. संथ वाहत्या हवेसाठी नळीची त्रिज्या निम्मी झाली, की प्रवाहाला होणारा विरोध १६ पट वाढतो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत किरकोळ वाटणारी सूज बाळाच्या चिमुकल्या नलिकेत म्हणूनच गंभीर ठरते.

घरगुती उपायांचे काय?

बाळाला शेक देताना शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. धूर ओव्याचा असो, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा की सिगारेटचा, श्वासनलिकेला तो त्रासच देतो. कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो, त्यामुळे त्याची पुरचुंडी बाळाच्या हाताला लागू देऊ नका. गरम पाण्याच्या वाफेने मुले भाजण्याचा धोका असतो. नाक चोंदल्यास सलाइनचे थेंब पुरेसे ठरतात. वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्राने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. विषाणूंवर अँटिबायोटिक्स चालत नाहीत. ती स्वतःहून सुरू करू नका.

इनहेलरची सवय लागते का?

नाही. दम्यात वापरल्या जाणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या सिरपमध्ये ५ मिलिलीटरमागे साधारण २ मिलिग्रॅम औषध असते. इनहेलरच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग. ते थेट फुप्फुसात पोहोचत असल्याने मात्रा कमी लागते. लहान मुलांना ते स्पेसर आणि मास्क लावूनच द्यावे. रोज घ्यायचे प्रतिबंधक इनहेलर मुलाला बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नये.

लस आहे का?

आहे, आणि सरकारी केंद्रांवर मोफत. न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय कार्यक्रमात आली, २०२१ मध्ये देशभर पोहोचली. तिचे डोस ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वयात मिळतात. पेंटाव्हॅलंट लस हिब जिवाणूपासून वाचवते. पहिले ६ महिने फक्त स्तनपान हेही मोठे संरक्षण आहे. लसीकरण कार्डावर यातला एखादा डोस राहिलेला दिसला, तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. राहिलेला डोस नंतर घेता येईल का, हे तिथे कळेल.