माशाला दिसणारा सिकाडा

उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या सागवनात भर दुपारी कान किटवणारा आवाज चालू असतो. पुष्कळजण तो रातकिड्यांचा समजतात. तो असतो सिकाड्याचा. सिकाडा म्हणजे कपाशीवर येणाऱ्या तुडतुड्यांचा धिप्पाड चुलतभाऊच. रातकिडा पंखावर पंख घासतो. सिकाड्याचा नर पोटाच्या बुडाशी असलेले दोन ताठ पडदे स्नायूंनी आत-बाहेर करून आवाज काढतो. अंग जड आणि उडणे बेताचे, त्यामुळे काठच्या झाडावरून तो कधी कधी धप्पकन पाण्यात पडतो.

न्यूझीलंडमध्ये जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात ट्राउट मासे अशा सिकाड्यांवर तुटून पडतात. म्हणून तिथले हौशी मासेमार गळाभोवती खोटा सिकाडा बांधतात. ट्राउटला थंड पाणी लागते, साधारण २० अंश सेल्सिअसच्या आतले. आपल्याकडे तो निलगिरी-काश्मीरसारख्या ठिकाणीच टिकला. यवतमाळच्या पाण्यात तो सापडायचा नाही. पण खोटा सिकाडा बनवायला ट्राउट कशाला हवा?

आम्ही मुलांबरोबर एक बनवला. जुन्या रबरी चपलेचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा, वर काळा दोरा, पारदर्शक प्लॅस्टिकचे पंख, बारीक तारेचे सहा पाय. (गळ अर्थातच नाही.) पंखांवर शिरा काढल्या, डोळे लाल रंगवले. वरून हुबेहूब! मग तो काचेच्या पेटीत पाण्यावर सोडला आणि बाजूच्या काचेतून खालून तिरके वर पाहिले. शिरा नाहीत, लाल डोळे नाहीत. आमची सगळी मेहनत पाण्याच्या वरच राहिली होती.

कारण अपवर्तनात आहे. पाण्यातून हवेत जाणाऱ्या प्रकाशाचा क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश असतो. त्यामुळे माशाला वरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. मासा १ मीटर खोल असेल तर या खिडकीचा व्यास सुमारे सव्वादोन मीटर. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग म्हणजे निव्वळ आरसा; पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे त्यात तळच दिसतो. या आरशात किड्याचे दिसते काय? पाण्यात बुडालेले पोट, आणि पायांनी पृष्ठभागावर पाडलेले खळगे. त्या खळग्यांपाशी प्रकाश वेगळा वळतो आणि ठिपके चमकतात. किडा खिडकीत आला तरी मागे उजळ आकाश, म्हणून दिसते ती मुख्यतः काळी आकृती.

दुसऱ्या खेपेला आम्ही रंग सोडून दिला. तुकडा निम्मा बुडेल एवढी तार पोटाला गुंडाळली, आणि पायांना खोबरेल तेल चोळून ते पाण्यावर सपाट टेकवले. आता खालून काळसर पोट आणि भोवती ठिपके स्पष्ट दिसले. एका मुलीने विचारले, “मग हे पंख कोणासाठी?” आम्ही ते काढून टाकले.

हा प्रयोग करून झाल्यावर त्याच पाण्यात साबणाचा एक थेंब सोडावा आणि ठिपक्यांचे काय होते ते खालून पाहावे.